मेणबत्तीची अट

परमेश्वर, पवित्र माता मरिया आणि सर्व संत यांना स्मरून मी, ॲव्हिस, कै. गिल्बर्ट फेनर यांची विधवा, वय वर्षे एक्कावन्न, धंदा रेशमी फिती व कमरपट्टे विणणे, राहणार सोपर्स लेन, लंडन, लिहून ठेवते की माझे पाय सुजले आहेत आणि छातीत पाणी झाले आहे असे वैद्य म्हणतो, पण डोके जागेवर आहे. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. आणले असते तर त्याला मी जिन्यावरून खाली पाठवले असते. मला लिहिता येत नाही, म्हणून मी सांगते तसे आमच्या सेंट ओसिथ चर्चचे लेखनिक ऑस्बर्ट लिहून घेत आहेत. माझ्या घरात राहणारी पर्नेल बाजारात गेली आहे. ती परत यायच्या आत हे पुरे व्हावे अशी माझी इच्छा आहे.

माझा आत्मा देवाचा, तो त्याने घ्यावा. पाद्री अँसेल्म यांना रिवाजाप्रमाणे मृताचा सर्वांत चांगला कपडा मिळतो, तो माझा निळा झगा. हा पर्नेलने मला दरबारातून पाठवला होता. मी तो एकदाही घातला नाही, कारण तो आधी तिच्या अंगावर पाहिला होता. त्यामुळे तो नव्यासारखा आहे, पाद्रीबुवांना चांगली किंमत मिळेल.

माझे दीर राल्फ फेनर यांना माझ्या नवऱ्याचा लोकरी डगला द्यावा. कसर लागली आहे, पण राल्फ गेली चौदा वर्षे या घराकडे ज्या नजरेने बघत आहेत त्या नजरेला एवढे पुरे. घर त्यांना मिळणार नाही. गिल्बर्टने त्याच्या मृत्युपत्रात लिहिले होते की मी पुन्हा लग्न करीन तर घर राल्फचे, आणि दहा वर्षे तशीच राहीन तर घर कायमचे माझे. ते वाचले तेव्हा मी हसले होते. मेलेला माणूस बायकोच्या बिछान्यावर पहारा ठेवतो, म्हणाले होते मी. ती दहा वर्षे चार वर्षांपूर्वी भरली.

फिती विणायच्या हाडाच्या पट्ट्या, दोन्ही कात्र्या आणि लाल रेशमाची शिल्लक लडी शेजारची गोडिथ मार्लो हिला. तिची वीण माझ्याहून सैल आहे हे तिलाही ठाऊक आहे. आता अवजारांचा बहाणा उरणार नाही.

घराचे सांगण्याआधी पर्नेल कोण ते सांगावे लागेल. रविवारी हे चर्चमध्ये वाचले जाईल तेव्हा सगळ्या गल्लीला वाटेल की आम्हाला माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही.

मी आणि पर्नेल वयाच्या तेराव्या वर्षी रोहेसबाईंकडे रेशीमकाम शिकायला एकाच आठवड्यात आलो. एका बिछान्यात झोपायचो. तिचे पाय थंडगार असायचे आणि ते ती माझ्या पोटऱ्यांना लावायची. काम माझे चांगले होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, रोहेसबाई स्वतः म्हणायच्या. पण गिऱ्हाईक आले की बघायचे तिच्याकडे. ती काही करायची नाही. नुसती मान वर करायची.

आम्ही एकोणीस वर्षांच्या असताना थोरल्या महाराजांसाठी कमरपट्टा विणायचे काम आले. सहा आठवडे मी विणला. जिने विणला तिनेच तो राजवाड्यात नेऊन बांधून दाखवायचा अशी रोहेसबाईंची पद्धत होती. त्या सकाळी माझ्या डोळ्याला ही एवढी रांजणवाडी आली. रोहेसबाई म्हणाल्या, "असलं तोंड घेऊन महाराजांसमोर जायचं? पर्नेल जाईल." माझी चांगली टोपी पर्नेलच्या डोक्यावर घातली गेली. मी दारात उभी राहून एका डोळ्याने बघत राहिले. ती टोपी परत आली नाही. तीही नाही.

बावीस वर्षे ती महाराजांची होती. राणीसाहेब हयात असताना आणि नंतरही. लेखनिक ऑस्बर्ट विचारतात, एवढे सगळे लिहायचे का? लिहायचे. न्यायाधीश निकाल देण्याआधी तिच्याकडे बघत, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे. गिरणी हिसकावली गेलेल्या विधवा तिच्या मागल्या दाराशी रांग लावत आणि महिन्याभरात गिरणी परत मिळे. परदेशी फितींमुळे आमच्या गल्लीच्या पोटावर पाय आला तेव्हा आम्हा विणकरणींचा अर्ज तिनेच महाराजांच्या हातात ठेवला, आणि त्या फिती बंद झाल्या. तेव्हा गल्लीत घंटा वाजवल्या गेल्या. मी दार लावून आत बसले होते. माझी भाकर तिच्यामुळे टिकली, आणि तो घास मला नऊ दिवस गिळवला नाही. माझे लग्न झाले तेव्हा तिने चांदीचा पेला पाठवला. गिल्बर्ट म्हणाला, "केवढी मोठी मैत्रीण तुझी." त्या रात्रीपासून गिल्बर्ट मला थोडा कमी आवडू लागला. त्याचा काही दोष नव्हता.

आता मोती. हे कलम ऑस्बर्टनी ठळक अक्षरात लिहावे.

थोरले महाराज वारले आणि तिच्यावर चौकशी बसली. तिच्या मोत्यांच्या कमरपट्ट्यातले मोती राणीसाहेबांच्या पेटीतून चोरलेले आहेत असा आरोप होता. पट्टा मी ओवलेला, म्हणून साक्षीला मला बोलावले. विचारले, "हे मोती तुला कुणी आणि कुठून आणून दिले?" खरे उत्तर असे होते की पर्नेलने ते माझ्या दुकानात, माझ्यासमोर, एका व्यापाऱ्याकडून स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीच्या पैशाने घेतले. त्या व्यापाऱ्याच्या पेटीत मी हात घालून मोती निवडले होते. मी म्हणाले, "आठवत नाही."

एवढेच म्हणाले. तेवढ्यावर तिची जमीन, घरे, कपडे, सगळे गेले, आणि चोर म्हणून तिला एका रविवारी अनवाणी, उघड्या डोक्याने चीपसाइडच्या भर बाजारातून चालवले. मी गर्दीत उभी होते. ज्या गल्लीने तिच्यासाठी घंटा वाजवल्या ती गल्ली थुंकत होती. आणि तरी माझ्यामागचा एक माणूस म्हणाला, "काय रूप आहे." पायातून रक्त येत असतानाही लोक तिलाच बघत होते. मला वाटले, हिच्याकडून हेसुद्धा घेता येत नाही.

संध्याकाळी मी तिला घरी आणले. लोक म्हणाले, ॲव्हिसचे मन मोठे. मन वगैरे काही नव्हते, मला झोप लागली नसती. त्याला नऊ वर्षे झाली. खाटीक तिला चांगला तुकडा देतो. पाद्रीबुवा माझी विचारपूस करायला येतात आणि तिच्याशी बोलत बसतात. मांजर मी पाळलेले, बसते तिच्या मांडीवर.

मरणाच्या दारात मी शपथेवर सांगते की ते मोती तिचे होते. ती चोर नाही.

आता घर. हे घर, आतल्या सामानासह, मी पर्नेलला तिच्या हयातीपर्यंत देते. अट अशी की तिने थोरल्या महाराजांच्या पुण्यतिथीला मठात जाऊन त्यांच्या कबरीवर मेणबत्ती लावणे बंद करावे. दर वर्षी ती पहाटे उठून, केस विंचरून, चार मैल चालत जाते आणि मला चल म्हणत नाही. ज्या वर्षी ती जाईल त्या वर्षी घर राल्फचे. इतकी वर्षे मी समजत होते की मी तिच्यावर जळते. खरे म्हणजे मी महाराजांवर जळते. त्याने माझ्या बिछान्यातून तिला नेली, आणि मेल्यावरही दर वर्षी एक दिवस नेतो. तो दिवस मला हवा आहे. गिल्बर्टला मी हसले होते, त्याबद्दल गिल्बर्टने मला क्षमा करावी.

येथे मृत्युपत्र संपते.

पुरवणी, त्याच दिवशी.

मृत्युपत्र साक्षीदारांसमक्ष मरणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे लागते, हा रिवाज मी साफ विसरले होते. गिल्बर्टच्या वेळी मी खोलीत होते, तरी विसरले. पाद्री अँसेल्म आणि गोडिथ मार्लो येऊन बसले आणि ऑस्बर्ट वाचू लागले. मोत्यांच्या कलमाशी आले तेव्हा पर्नेल वाम मासा घेऊन जिन्याच्या तोंडाशी उभी होती. ऑस्बर्ट थांबले.

"थांबलात का? वाचा," ती म्हणाली.

त्यांनी अटीपर्यंत सगळे वाचले. तिने टोपली खाली ठेवली.

"नऊ वर्षं एका टेबलाशी जेवतोय आपण, ॲव्हिस."

"हो."

"आठवत नाही म्हणालीस."

"आठवत होतं."

गोडिथ उठायला लागली, तिला मी बस म्हणाले. साक्षीदार आहेस तर बस.

"आणि ही मेणबत्तीची काय भानगड?" पर्नेल म्हणाली. "तुला काय वाटतं, मी तिथं रडायला जाते?"

"मग कशाला जातेस?"

"मेलाय ना खरंच, ते बघायला."

पाद्रीबुवांनी छातीवर क्रुसाची खूण केली आणि ऑस्बर्टना म्हणाले, "हे नका लिहू." मी म्हणाले, लिहा.

"एकोणीस वर्षांची होते मी," ती म्हणाली. "पट्टा बांधायला वाकले, आणि उठेपर्यंत दार बाहेरून लावलं होतं कुणीतरी. मग बावीस वर्षं बोलावणं आलं की जायचं. ताप असला तरी जायचं. ते सगळं तुम्हाला दिसलं नाही, तुम्हाला झगे दिसले. मी काय करणार होते? हातात आलंच होतं ते वजन, तर त्या गिरणीवाल्या बायकांसाठी वापरलं. तुमच्या फितींसाठी वापरलं. आता दर वर्षी जाते, दगड हलला नाही ना बघते, मेणबत्ती लावते म्हणजे नीट दिसतं. आणि घरी येते. त्या दिवशी मला भूक फार लागते."

हे खरे आहे. त्या दिवशी ती दोनदा वाढून घेते. मी त्याचाही राग धरत असे.

मी म्हणाले, "मला रांजणवाडी आली नसती तर मी गेले असते."

"हो," ती म्हणाली. "तू गेली असतीस."

एवढे बोलून ती माझ्याकडे बघत राहिली, आणि माझ्या लक्षात यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. बत्तीस वर्षे मी ज्या दाराशी मला जाता आले नाही म्हणून जळत होते, ते दार बाहेरून लावलेले होते.

म्हणून मेणबत्तीची अट मी रद्द करते. ऑस्बर्टनी त्यावर रेघ मारली आहे, ती मी पाहिली. घर पर्नेलला बिनशर्त, तिच्या हयातीपर्यंत नव्हे, कायमचे. मोत्यांचे कलम आहे तसे राहील आणि रविवारी सगळ्यांदेखत वाचले जाईल, मी तोपर्यंत जिवंत असले तरी. मला खुर्चीतून चर्चमध्ये न्यावे.

मी पर्नेलजवळ क्षमा मागितली. तिने दिलेले उत्तर तिच्याच शब्दांत येथे नोंदवावे असे तिचे म्हणणे पडले, ते असे: "मोत्यांचं मी माफ करणार नाही. आणि घर मी घेणार, इथंच राहणार. ऑस्बर्ट, दोन्ही लिहा."

दोन्ही मला मान्य आहे.

ॲव्हिस फेनर, खूण ✕
साक्षीदार: पाद्री अँसेल्म, सेंट ओसिथ चर्च, गोडिथ मार्लो, विणकरीण, खूण ✕
लिहिणार: ऑस्बर्ट, लेखनिक
सोपर्स लेन, लंडन. संत लूक यांच्या सणाचा आदला दिवस, धाकट्या महाराजांच्या कारकिर्दीचे दहावे वर्ष.