थंड असताना सैलच हवं

प्रिय सुधाकरकाका,

आज तुमची फार आठवण आली, आणि खरं सांगू? रागही आला. तुम्ही असतात तर आजचं भांडण तुम्हीच केलं असतंत. आता ते माझ्या गळ्यात पडलंय.

मोठ्या ड्रायिंग ओव्हनचा फॅन परवा जॅम झाला. बेअरिंग उघडलं तर ग्रीसचा नुसता कोळसा! कुणीतरी साध्या पंपाचं बेअरिंग ठोकून दिलं होतं. मी गरम कामाचं नवं मागवलं. ते आज आलं, तर आपल्या मेंटेनन्स मॅनेजरनं, ग्रेगनं, ते कानाशी धरून खुळखुळ्यासारखं हलवलं. "डिफेक्टिव्ह आहे हे! स्टॉकमधलं बघ किती घट्ट आहे. तेच बसवू, तू इंजिनिअर म्हणून कागदावर सही कर."

घरून, शुगर लँडहून, प्लांटला जाताना गाडीत तुम्ही मला किती पिडायचात! "मृणाल, शाफ्टचा दांडा तापला की त्यावरची बेअरिंगची आतली रिंग फुगते. बाहेरची तेवढी तापत नाही. मग दोन्हींमधल्या बॉलनी जायचं कुठे? अगं, उन्हाळ्यात हात सुजले की बांगडी रुतते ना? मग घेतानाच सैल घे की!" मी वैतागून म्हणायचे, "काका, आधी कॉफी तरी पिऊ द्या!"

आज तेच ग्रेगला ऐकवलं. फक्त बांगडीऐवजी अंगठी म्हटलं. त्यानं बोटातली अंगठी जरा फिरवून बघितली, पण हट्ट सोडला नाही. "लाइन बंद आहे. दिसायला दोन्ही सेम. कोण विचारणार आहे?"

कोण म्हणजे? मारिया विचारेल! पॅकिंगचं तिचं टेबल फॅनला लागूनच आहे, आठवतं ना? परवा फॅन जॅम झाला तेव्हा त्याच्यावरच्या गार्डचा पत्रा तुटून थेट त्या टेबलावर आदळला. ती पाणी प्यायला गेली होती, म्हणून वाचली.

काका, एक विचारू? प्रत्येक बेअरिंगला हात लावून ताप बघणारे तुम्ही, स्वतःच्या छातीत दुखतंय हे काकूंनासुद्धा सांगितलं नाहीत! असं कुणी करतं का? काकू अजून चिडतात. मीही चिडलेय.

असो. मी सही केली नाही. ग्रेग वरपर्यंत गेला, तिथेही मी नाहीच म्हटलं. शेवटी सैल बेअरिंगच बसलं, गरमीचं ग्रीस भरून.

उद्या सकाळी फॅन सुरू होईल. ग्रेग ऑफिसात बसून स्क्रीन बघणार आहे. मारियानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मी इथे उभी राहिले तर चालेल ना?" मी हो म्हटलंय.

मग हो म्हणणारीनं कुठे उभं राहायचं? ओव्हन पूर्ण तापेपर्यंत मी तिच्या टेबलाशी उभी राहून खोकी भरणार आहे. आणि काका, यापुढे ज्या मशीनशेजारी मी स्वतः उभी राहणार नाही, त्या मशीनवर माझी सही होणार नाही. शब्द देते.

तुमची,
मृणाल