मेंढ्या कोणाच्या, याबद्दल

मी, वय एकाहत्तर, धंदा मेंढ्या पाळणे, हे शेवटचे लिहिणे स्वतःच्या हाताने करत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. मला कोणी भरीला घातलेले नाही. उलट धाकटा मुलगा रोज म्हणतो, "आई, मेंढ्या विकून टाक. वहिनी काय, आज आहे, उद्या नाही." थोरला जाऊन चार वर्षे झाली. वहिनी म्हणजे त्याची बायको, माझी सून. मेंढ्यांचे काय करायचे, हे ठरवायलाच मी लिहायला बसले आहे.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक धाकट्याला. स्वयंपाकघराचे छप्पर गळते. खाली भांडे ठेवू नये, छप्पर दुरुस्त करावे.

२. सगळ्या मेंढ्या, कोकरे आणि कोकरे तोलायचा काटा सुनेला. कारण सांगते.

पूर्वी आम्ही धान्याचा भरडा फक्त कोकरांना घालायचो, तोही दूध सुटल्यावर. गाभण मेंढ्या वाळल्या गवतावर. कोकरे मुठीएवढी जन्मायची, आयांना दूध नसायचे, आणि आम्ही थंडीला दोष द्यायचो. सून आली त्या हिवाळ्यात तिने भरड्याचे पोते उचलून गाभण मेंढ्यांपुढे ओतले. मी ओरडले, "अगं, ते कोकरांचं आहे!"

"कोकरांनाच घालतेय, आई. ती अजून आत आहेत, एवढंच."

मेंढ्या व्यायेपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही. मग कोकरे आली ती अंग झाडून उभी राहिली आणि थेट भरल्या कासेला लागली. मी चहा करून गोठ्यात नेऊन दिला. आमच्या घरात आभार असेच मानतात. आज लिहूनही मानते.

कळपात मेंढा सोडण्याआधी ती प्रत्येक मेंढीची पाठ चाचपते. हाड टोचले तर तिला आधी चांगल्या कुरणात पाठवते. जुळी देऊन दोन्ही वाढवणाऱ्या आईच्या मुली ठेवते, नुसत्या देखण्या विकते. आज मेंढ्या पूर्वीपेक्षा कमी आहेत, बाजाराला जाणारी कोकरे जास्त. थोरल्यामागे हे घर त्यावर चालले. धाकट्याचे शिक्षणही. त्याने हे वाक्य दोनदा वाचावे.

३. मेंढा, ज्याला आम्ही जावई म्हणतो, कारण वर्षातला बराच काळ नुसता खातो, तो धाकट्याला. त्याच्याच लेकी आता कळपात वयात आल्या आहेत. तिथे त्याला ठेवता येत नाही.

४. भरडा विकणाऱ्याने एकदा पोत्यात भुसा मिसळला होता. मी त्याला माफ केले आहे. सुनेने करू नये.

५. लोकर कातरायला येतो तो विधुर. गेल्या हंगामात त्याने सुनेला लग्नाचे विचारले. मी भिंतीपलीकडे होते, बहिरी नव्हते. ती म्हणाली, "मग मेंढ्यांचं कोण बघेल? आणि आईंचं?"

हे वाचले जाईल तेव्हा आईंचे बघायचे उरणार नाही. आणि मेंढ्या तिच्या आहेत, घराच्या नाहीत. तिने लग्न केले, गाव बदलले, तरी कळप तिच्याबरोबर जाईल. कुरण भाड्याचे आहे, ते राहील. मेंढ्यांना पाय आहेत. धाकट्याने अडवले तर कलम एक रद्द, आणि घरही तिचे.

फक्त मेंढ्यांचे दिवस भरत आले असतील तर त्यांना लांब चालवू नये. व्यायल्यावर, कोकरे चालू लागल्यावर निघावे. तोवर कातरणाऱ्याला थांबायला सांगावे. थांबला, तर माणूस बरा आहे.

सही: लिहिणारी

आमच्या डोळ्यांसमोर सही केली. साक्षीदार: १. गुरांचे डॉक्टर (सही) २. शेजारची शिंपीण (सही)

ठिकाण: गोठ्यालगतची खोली
दिनांक: १९ नोव्हेंबर