डाव्या सीटवरून

रविवार, ६ नोव्हेंबर २०११

आजपासून रोज लिहायचं. नक्की.

नाझियाची चाचणीसाठी निवड झाली! गाड्या बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने (नाव लिहीत नाही, भिंतीलाही कान असतात) तरुण ड्रायव्हर घडवायला ज्युनियर रॅली टीम काढली आहे. देशभरातून बारा जण चाचणीला, त्यातले दोघे टीममध्ये. वर्षभर ट्रेनिंग, गाडी, सगळं कंपनीचं. अट एकच, वय तेविसाच्या आत. नाझियाला जानेवारीत तेवीस पूर्ण होतात. म्हणजे पहिली संधी हीच आणि शेवटचीही हीच.

तिला क्लच कुणी शिकवला? मी. उरण नाक्यावरच्या प्रभाकर मोटर ट्रेनिंग स्कूलने. तेव्हा पाय पोचायचे नाहीत, पाठीमागे उशी लावायला लागायची.

प्रत्येकाने आपला नॅव्हिगेटर आणायचा आहे. म्हणजे शेजारी बसून पुढची वळणं सांगणारा. म्हटलं, शोधायला कशाला जातेस? सव्वीस वर्षं डाव्या सीटवर बसून मी दुसरं काय केलं? ती एकदम गप्प झाली. आनंदाने.

सोमवार, ७ नोव्हेंबर

ईद. सायराबाई, म्हणजे नाझियाची आई, शेवया घेऊन आल्या. म्हणाल्या, "सर, तुम्ही बाजूला आहात म्हणून इजाजत दिली. तिच्या अब्बांनापण कुवेतला फोन करून तेच सांगितलं. बाकी अल्लाची मर्जी." मी म्हटलं, निश्चिंत राहा.

त्या गेल्यावर पद्मजा (आमची सौ., बँकेत आहे, सगळं जमा-खर्चात मोजते) म्हणाली, "दुसऱ्याने गाडी चालवली की लोणावळ्यापर्यंत दोनदा ओकता तुम्ही." तो घाटाचा दोष. शेवया मात्र छान होत्या.

रविवार, १३ नोव्हेंबर

आज रस्ता दाखवला. तळोज्याच्या पलीकडे एक खाजगी दगडखाण आहे, तिच्यातले मातीचे रस्ते. कंपनीचा मॅनेजर स्वानंद, वय तिशीचं, दाढी उगाच. त्याने वळणांना नंबर द्यायला शिकवलं. एक म्हणजे सगळ्यात आवळ, सहा म्हणजे जवळपास सरळ. "डावं दोन, उजवं तीन" असं नॅव्हिगेटरने म्हणायचं आणि ड्रायव्हरने डोळे झाकून ऐकायचं.

नाझिया हळू चालवत होती, मी वहीत लिहायला खाली बघितलं. दुसऱ्या वळणाला पोटात ढवळलं. वही मिटली. निर्णय: सगळं पाठ करायचं. कागद लागतो तो विसराळू माणसाला.

तिसरं वळण उजवं तीन. बाहेरच्या बाजूला खाणीचा खड्डा, तळाला हिरवं पाणी. किती खोल, विचारलं. स्वानंद म्हणाला, कुणी मोजलेलं नाही.

महत्त्वाचं: खाण रोज थोडा डोंगर खाते, रस्ता फिरतो. म्हणून चाचणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी २६ तारखेला, नॅव्हिगेटरना जीपमधून पुन्हा सगळं दाखवणार. ड्रायव्हरना नाही. न पाहिलेल्या रस्त्यावर, दुसऱ्याच्या शब्दावर, वेगात जायचं. ती खरी परीक्षा, म्हणे.

आणखी एक. माझ्या क्लासच्या गाडीत डाव्या पायाखाली माझा स्वतःचा ब्रेक असतो. रॅलीच्या गाडीत नाही. परत येताना तीनदा मी नुसता पत्रा दाबला. सवय बदलायला हवी.

बुधवार, १६ नोव्हेंबर

भामाबाईंचा क्लासचा चौथा महिना. जमीन विकली, गाडी घेतली, आता गाडी शिकतायत. अजून सेकंड गिअर सापडत नाही. आज शिकताना खाणीचा दुपारचा सुरुंग उडाला, स्टिअरिंग सोडून कानावर हात! मी ब्रेक दाबला म्हणून वाचलो. म्हणाल्या, "मास्तर, बारा वाजलं की मांडनीवरची भांडी खाली येतान. डोंगर जवल येतो का आमी डोंगराकडं जातो, तेच कलत नाय." हसलो. घरी आल्यावर हसू आलं नाही. का ते कळेना. पित्त असावं.

सोमवार, २१ नोव्हेंबर

संकल्प: पहाटे पाचला उठून वळणं म्हणायची.

सात वाजता उठलो. नऊ वळणं म्हटली. दहावं आहे की नाही?

संध्याकाळी नाझिया आली. दोन खुर्च्या शेजारी मांडल्या. मी म्हणायचो, ती डोळे मिटून हवेत स्टिअरिंग फिरवायची. मी एक वळण गाळलं तर तिच्या हाताने ते आपोआप घेतलं. म्हटलं, असं करू नकोस, मी सांगतो तेवढंच करायचं. "सॉरी सर," म्हणाली. "माझी खोड आहे. आता फक्त तुमचं ऐकीन." शिस्त लागतेय मुलीला.

पद्मजा आजपासून पेणला, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन. गुरुवारी पहिल्या तारखेला येईल. जाताना म्हणाली, "झेपत नसेल तर तिला आत्ताच सांगा. अजून वेळ आहे." बायकांना भलत्या वेळी भलतं सुचतं.

शनिवार, २६ नोव्हेंबर

जीप चार वाजता कळंबोलीहून. दोन वाजता उलटीची गोळी घेतली. एकीने काय होणार, म्हणून दुसरी. पाचच मिनिटं आडवा झालो.

जाग आली तर बाहेर काळोख. मोबाइलवर सहा मिस्ड कॉल.

स्वानंदला फोन केला. म्हटलं, मी इथला माणूस, तुमच्या जीपची काय गरज, माझ्या गाडीने जाऊन बघून आलो. त्याने विचारलं, "तिसरं वळण बघितलंत ना?" मी म्हटलं, व्यवस्थित.

मग नाझियाचा फोन. "सर, बघून आलात? काही बदललंय?" बदललं असतं तर स्वानंद स्पष्ट बोलला नसता का? पंधरा दिवसांत डोंगर किती खाणार? उगाच पोरीला आदल्या रात्री घाबरवायचं कशाला?

म्हटलं, जैसे थे आहे, झोप शांत.

ती झोपली असेल. मला झोप नाही. दुपारी झाली म्हणून.

रविवार, २७ नोव्हेंबर

आज लिहावंसं वाटत नाही. तरी लिहायचं.

सुरुवात उत्तम. गाडी अशी पळवली की माझं पोट ओठाशी आलं, पण शब्द चुकला नाही. डावं दोन. डावं चार. मग सरळ. मी ओरडलो, "उजवं तीन, फुल सोड!" तिने सोडली. उजवीकडे वळली. समोर रस्ताच नाही. मुरुमाचा ढीग, लाल फीत, आणि एक माणूस झेंडा टाकून बाजूला उडी मारताना दिसला. मी ब्रेक दाबला. पत्रा.

ब्रेक तिने दाबला. गाडी ढिगावर चढून तिरकी थांबली. धूळ बसली तेव्हा काचेतून फक्त हिरवं पाणी दिसत होतं.

खरा रस्ता आता त्याच्या आधीच डावीकडे वळतो.

तिने पहिलं विचारलं, "सर, तुम्हाला लागलं नाही ना?" मला काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणालो, "अगं, घाई केलीस. मी सांगितलं ते पुढचं वळण. रॅलीत नेहमी पुढचंच सांगतात. हातातलं डावं ड्रायव्हरने स्वतः बघायचं असतं." तिने हेल्मेट काढलं. मग म्हणाली, "हो सर. मी बघायला हवं होतं."

बारातली बारावी.

सोमवार, २८ नोव्हेंबर

क्लास बंद ठेवला. अंग दुखतंय. शांत डोक्याने विचार केला तर चूक पन्नास-पन्नास टक्के. खाणवाल्याची धरली तर माझी तेहतीस. गोळीच्या कंपनीची धरली तर त्याहून कमी.

मंगळवार, २९ नोव्हेंबर

स्वानंदचा फोन. "सर, ती म्हणते चूक तिचीच. आम्हाला पटत नाही. तिसऱ्या वळणापर्यंत सगळ्यांत वेगात तीच होती. नॅव्हिगेटरने चुकीचं सांगितलं असेल तर आमचा नॅव्हिगेटर देऊन तिला पुन्हा एक फेरी देता येते. पण ते तुम्ही सांगायला हवं. उद्या संध्याकाळी पाचला यादी हेड ऑफिसला जाते."

मी म्हटलं, आठवून सांगतो.

आठवायचं काही नाही. उद्या सकाळी उठल्याबरोबर फोन करायचा. दोन वाक्यं आहेत. नक्की.

बुधवार, ३० नोव्हेंबर

सकाळी. इतक्या लवकर फोन बरा दिसत नाही. ऑफिसचा माणूस, दहानंतर करू.

अकरा वाजता. दोन वाक्यं कागदावर लिहिली. पहिलं वाक्य "मी" पासून सुरू होतं, ते बदलून बघितलं. "असं झालं की" चांगलं वाटतं.

दुपारी. सुरुंग उडाला. खिडकीची काच बराच वेळ थरथरत होती. भामाबाईंचा तास घेतला. आज सेकंड गिअर सापडला त्यांना! शिकवण्यात मी कमी पडत नाही, हे सिद्ध झालं. सव्वीस वर्षांचं नाव आहे उरण नाक्यावर. लोक आपली पोरं विश्वासाने पाठवतात. एका फोनने ते घालवायचं का, हा प्रश्न आहे. प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर फोन केव्हाच केला असता.

साडेचार. मोबाइलची बॅटरी कमी. चार्जिंगला लावला.

पाच वाजून वीस. केला! स्वानंद म्हणाला, यादी गेली. "काही सांगायचं होतं का?"

म्हटलं, नाही, सहज. नाझियाची चौकशी केली.

गुरुवार, १ डिसेंबर

पद्मजा आली. नाझियाचं काय झालं, विचारलं. म्हटलं, मुलीचं लक्ष गेलं जरा. "तुम्ही शनिवारी रस्ता बघायला गेला होतात ना?" हो म्हटलं. तिने बिछान्याशेजारचं गोळ्यांचं पाकीट उचललं, दोन रिकामी घरं बघितली, आणि जागच्या जागी ठेवलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

शनिवार, ३ डिसेंबर

नाझिया क्लासवर आली. डोळे खोल गेलेत. म्हणाली, "सर, माझं नक्की कुठे चुकलं, फळ्यावर काढून दाखवाल? रोज झोपेत तेच वळण येतं. मी तुमचं नीट ऐकलं नाही, एवढंच कळतं. पण कुठे नाही ऐकलं ते कळत नाही."

आज सांगून टाकायचं, असं ठरवूनच खडू उचलला. रस्ता काढला. डावं काढलं, उजवं काढलं, ढीग काढला. हात सवयीचा आहे, चित्र झकास येत गेलं. आणि तोंडही सवयीने बोलत गेलं. गाडी इथे होती, तू इथे बघायला हवं होतंस, इथे तुझी नजर गेली नाही. फार सोपं करून समजावलं. तिने मान हलवली. "आता कळलं, सर."

मग पर्समधून क्लासच्या गाडीची जादा चावी काढून टेबलावर ठेवली. रविवारची लेडीज बॅच तीच घ्यायची. म्हणाली, दुसरं कुणी बघा, स्टिअरिंगला हात लावला की हात कापतात. वाकून नमस्कार केला. कधी करत नाही. मला फार लाज वाटली.

दारात गेलो. उरण नाक्यावर ती रस्ता ओलांडायला थांबली होती. डावीकडे बघे, उजवीकडे बघे, पुन्हा डावीकडे. रस्ता दोनदा मोकळा झाला तरी तिचं पाऊल उचलेना. शेवटी एका शाळकरी मुलीच्या मागोमाग गेली.

हाक मारणार होतो. पण भामाबाईंची वेळ झाली.