उतारावरची झाडं

गुरुजी,

घरातही मी तुम्हाला हेच म्हणत असे. पोराले बाप हाय का मास्तर, असं आई विचारायची आणि हसायची. तुम्ही हसत नसायचात. आज लिहितो आहे ते तुमच्या नातीबद्दल. तुम्ही तिला पाहिलं नाही. सहा वर्षांची आहे. उद्या सकाळी आदिलाबादच्या शाळेत तिची प्रवेशाची परीक्षा आहे. आपली मराठी शाळा तुमच्यानंतर फार टिकली नाही. या शाळेत जागा थोड्या आणि येणारे फार.

शाळेनं सरावासाठी कागद दिले आहेत. उभ्या रेघा, आडव्या रेघा, तिरप्या रेघा. त्या तिनं नीट काढल्या. शेवटी एक चित्र आहे. डोंगराची तिरपी कड, आणि तिच्यावर सरळ उभी झाडं काढायची. तिनं झाडं काढली ती कडेला काटकोन धरून, फणीच्या दातांसारखी. सगळी उताराच्या बाजूला कललेली. मी म्हणालो, "झाडं पडून राह्यली, बेटा." ती म्हणाली, "नाही पडली. पाय डोंगराले लागून हायत त्याईचे."

मग मी तुम्ही करायचात तेच केलं. दाराच्या चौकटीला दोरा बांधला, टोकाला दगड. मी पाच वर्षांचा आहे, तुम्ही पाटी दोऱ्यामागं धरून उभे आहात. "जमीन ओढते तशी रेघ उभी," म्हणता, "तुझ्या मनानं नाही." माझी रेघ खाली येता येता डावीकडं जाते. तुम्ही वाट पाहता. रेघ पूर्ण होऊ देता आणि मगच पट्टीची धार बोटांच्या पेरांवर येते. दार बसवताना उरलेल्या सागाची ती पट्टी, सुतारानं रंधा मारून दिलेली. तुम्हाला राग आलेला नसे. राग असता तर कधी ना कधी तो गेला असता.

तिनं दोऱ्याकडं पाहिलं. "पप्पा, हा त लोंबकळून राह्यला. झाड थोडीच लोंबकळते?" आत स्वयंपाकघरात बायको हसली. मला हसू आलं नाही.

दुपारी तिला गाडीवर बसवून हायवेपलीकडच्या टेकडीवर नेलं. उतारावर साग आहेत. एकाला तिनं मिठी मारली, मान मागं टाकून वर पाहिलं. मी विचारलं, कसं हाय झाड? सीधं. कुठं सीधं? वर, आभाळात. मला बरं वाटलं. येताना गुडीहत्नूरला थांबून तिच्यासाठी भजी बांधून घेतली. घरी आलो, तिनं पेन्सिल घेतली आणि झाडं काढली. तशीच, कललेली. मी खोडली. तिनं पुन्हा तशीच काढली. पुन्हा खोडली तेव्हा कागद फाटला.

"मुद्दाम करून राह्यली काय तू?"

तिनं फाटलेला कागद जुळवला. बायको दारात आली. "अवो, सोडा आता. लेकरू हाय."

"उद्या परीक्षा हाय."

"तिची हाय का तुमची?"

तुमची ती पट्टी माझ्या हातात होती. फळीवरून कधी घेतली आठवत नाही. नव्या कागदावर डोंगराची कड आखायला घेतली असावी, असं मी स्वतःला सांगितलं. पण मी तिची धार खाली करून धरली होती. बायकोनं ते पाहिलं, आणि ती दारातून हलली नाही.

पोरीनं पेन्सिल बाजूला ठेवली. डाव्या हाताची मूठ वळून चटईवर ठेवली, पेरं वर करून. डोळे मिटले. मी तिच्यावर कधी हात उचललेला नाही.

"हे कोणं शिकवलं तुले?"

"तुमीच त सांगता. लगनात. आजोबाची गोष्ट."

खरं आहे. पंगतीत तुमचे जुने विद्यार्थी भेटतात, तेव्हा हेच चालतं. गुरुजीनं बोटं सुजवली म्हणून माणसात आलो, एक जण म्हणतो. दुसरा बोटं पुढं करतो, आम्ही सगळे पुढं करतो, मोठ्यानं हसतो. कोणी आपल्याला कमी मार बसला असं म्हणत नाही. सगळ्यांत चांगलं मी सांगतो. तुमचा आवाज काढतो. ती माझ्या मांडीवर बसून ऐकते आणि सगळ्यांबरोबर हसते.

डोळे मिटूनच ती म्हणाली, "मारा ना, पप्पा. मंग येईन मले."

बायको पुढं आली. तिनं माझ्या हातातली पट्टी घेतली आणि आत नेली. ती घेताना माझी बोटं तिला एकेक करून सोडवावी लागली. पोर डोळे उघडून पाहत राहिली. मारलं नाही याचा तिला आनंद झालेला दिसला नाही. ती घाबरली. आता रेघ कशी येणार, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. मग विचारलं, "तुमाले मारल्यावरच आली होती ना?"

मी म्हणालो, "जाऊ दे, भजी थंडी होऊन राह्यली." उद्या ती झाडं काढेल तशी काढेल. मी बाहेर बसेन.

तिला उत्तर दिलं नाही, आणि हा कागद मी कुठं पाठवणार. पण मला आठवतं. तुम्ही शाळेच्या कामानं मंचेरियलला गेला होता. घरात मी आणि आई. ती अंगणात ज्वारी पाखडते आहे, मी पायरीवर बसून उगाच पाटीवर गिरवतो आहे, आणि रेघ सरळ खाली येते. दुसरीही येते. आईला दाखवतो, ती बरं म्हणते आणि सूप हलवत राहते. तुम्ही परत आलात, पाटी पाहिलीत, पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणालात, "पाह्यलं? मारल्याबिगर येत नाही."

मी हो म्हणालो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून.