मोकळा पाय

३ जुलै
आले एकदाची! होबार्टला पाऊस होता, इथे धाकटीच्या किनाऱ्यावरच्या गावात लख्ख ऊन. पेट्रा फाटकापर्यंत धावत आली, पायांत दोन रंगांचे मोजे. आई गेल्यावर आम्ही बहिणी पहिल्यांदाच एका छपराखाली राहणार. जुलै म्हणजे इथे ऐन हिवाळा; पाणी हाडं गोठवतं, पण नितळ असतं, आणि समुद्री गोगलगायी याच दिवसांत दिसतात.

५ जुलै
पाठीवर हवेच्या टाक्या, तोंडात नळी, खडकावरूनच पाण्यात उतरलो. कपारीत नखाएवढी गोगलगाय! पाठीवर शंख नाही, नुसती केशरी टोकांची झालर. लाटेच्या ओढीने कॅमेरा स्थिर राहीना, तेव्हा पेट्राने माझा घोटा धरला. इथली रीतच ती: एकीने फोटो काढायचा, दुसरीने पाय पोटाशी मुडपून तिचा घोटा धरायचा. दोनदा दाबला की वर चला. मला कुणी इतका वेळ धरून ठेवल्याला किती वर्षं झाली, असं तिथे पालथं पडल्या पडल्या मनात येऊन गेलं.
बाहेर शेजारची डल्सी चहा घेऊन उभी. सत्तरीची आहे, पण अजून बुड्या मारते. म्हणाली, काय गं पोरींनो, ढुंगणं वर करून कुणाला नमस्कार घालत होतात? पेट्रा म्हणाली, तुमच्यापेक्षा देखण्या बाईला, मावशी.

८ जुलै
मी फोटो काढत असताना घोटा दोनदा दाबला गेला. वळले. मागे कुणी नव्हतं. पेट्रा माझ्या पुढे होती, पाठमोरी, स्वतःचा कॅमेरा लावून. वर आल्यावर विचारलं तर हसली. म्हणाली, ताई, तुला केव्हाच सोडलं होतं मी, ती जांभळी गोगलगाय सापडली ना!
बुडीचा पोशाख उतरवला. घोट्यावर काळेनिळे वळ. बोटांचेच, पण एकेक बोट पायाला अख्खा वेढा घालून आलेलं.

९ जुलै
डल्सीला वळ दाखवले. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, घोटा धरतात तो फोटोसाठी नाही गं. मोकळा पाय दिसला की ते धरतं. माणसाने धरलेल्या पायाला हात लावत नाही. तिच्या नवऱ्याने एकदाच सोडला होता, सख्ख्या भावाचा.
पेट्रा म्हणते, मावशी नव्या माणसाला अशीच घाबरवते. जांभळी अंडी घालते आहे, उद्या एकदाच जाऊ, तू धर, मी काढते. मी हो म्हटलं. मी घट्ट धरीन.

१० जुलै
धरला होता. माझ्या नाकासमोर अंड्यांची गुलाबी फीत. माझ्या एका फोटोसाठी फक्त, हात सोडला—
पेट्रा मागे खेचली गेली. तोंडातली नळी निसटली. मी तिचे खांदे धरले, ते पाय ओढत होतं. गुडघा मोडला तो आवाज पाण्यात ऐकू आला. मी कमरेची सुरी काढून खुपसत राहिले. आधी मऊ लागलं, मग करकरीत. खोल पाण्यात रक्त हिरवं दिसतं. सगळं हिरवं झालं.
सुटली. ओढत आणली.

नंतर
होड्यांच्या शेडमध्ये आहोत. पेट्राची पोटरी सोलून निघाली आहे, आत हाड दिसतं. डल्सीने वर पट्टा आवळला, ॲम्ब्युलन्सला फोन केला. पेट्रा जिवंत आहे. डल्सी म्हणते, एकदा धरलेल्यामागे ते बाहेरही येतं, गाव मागे पडेपर्यंत घोटा सोडू नकोस. लिहीत राहा, म्हणजे भोवळ येणार नाही. डाव्या हातात घोटा. उजव्याने हे.
जमिनीच्या फळ्या खालून ओल्या होताहेत. भरती नाही, तरी—

ॲम्ब्युलन्स आली. दोघं जण. म्हणतात, बाई, आता आमच्यावर सोपवा, हात काढा. मी सांगितलं. डल्सीने सांगितलं. एकाने तिला भिंतीवर ढकललं. म्हणतो, म्हातारे, हिला मारायचंय का—
माझी बोटं उचकटतोय. मधलं मोडलं. धरून आहे. पेट्रा म्हणते, ताई, सोडू नको—
करंगळी—
फळी उचलली जातेय. त्यांना दिसत नाही, त्यांची पाठ—
अंगठा सुटला, पेट्रा, मी—