उंबरा असलेली मोटार

अण्णा,

मागच्या आठवड्यात रेणापूरला एका लग्नाला गेले होते. पंगतीत माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती, दात नाहीत, पण बोलायला खणखणीत. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. बुंदी कुस्करता कुस्करता ती निजामाच्या शेवटच्या काळातल्या गोष्टी सांगत होती, आणि सांगता सांगता तिच्या वाडीला आग लागली त्या दिवसावर आली. "बंदूकवाले मोटारीतून आले. कोळशाची मोटार हुती, मागं भट्टी. खिडक्यांना राकेलच्या डब्यांचे पत्रे. आन् तुला सांगते बाई, त्या मोटारीला उंबरा हुता! हळदीकुंकू लावलेला! आसली मोटार म्या जल्मात पाह्यली न्हाई." मी विचारलं, डायवर कोण होता. "व्हता कोनीतरी आपल्यातलाच. स्टेरिंगवर डोस्कं ठिवून बसला हुता. उतरला न्हाई न् हालला न्हाई. माझा दीर त्याच्या म्होरंच पडला, जाऊ माझी बघत हुती." एवढं बोलून तिनं वाढप्याला मठ्ठा मागितला. मी ताटावरून उठले. घरच्यांना वाटलं, ऊन लागलं.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही आता मला नीट आठवत नाही. तुमचं खोकणं मात्र आठवतं. तरी लिहायला बसले आहे, कारण हे दुसऱ्या कुणाशी बोलता येणार नाही. माय असती तरी तिच्याशीही बोलले नसते. मोटारीला उंबरा असणारं घर आपलं एकट्याचंच होतं, अण्णा. तशा दोन मोटारी निघाल्या असतील असं स्वतःला पटवायचा मी प्रयत्न करून पाहिला, पण मी काही कुक्कुलं बाळ नाही.

नांदेडच्या मोटार अड्ड्यामागची ती खोली आठवते. तुम्ही ज्याच्या सर्व्हिस मोटारी चालवायचात त्या मालकानं मोटारी बंद केल्या, स्वतः हैदराबादला निघून गेला आणि जाताना अड्ड्यात सडत पडलेली सगळ्यात जुनी मोटार तुमच्या गळ्यात मारून गेला. खोलीही सोडायची होती. तुम्ही त्या सांगाड्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरांना लाथ घातली आणि मायला म्हणालात, "हेच आपलं घर." माय म्हणाली, "याला घर म्हंत्यात?" मग तुम्ही दोघं दोन दिवस बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही बाकं उपटायला लागलात.

तुमच्या हातात काय होतं, अण्णा! पैसा नव्हता, पण कुठली वस्तू कशाच्या कामी येईल हे तुम्हाला उकिरड्यावरही दिसायचं. रॉकेलचे रिकामे डबे फोडून, ठोकून, सरळ करून त्यांच्या झडपा केल्या. एका मोडक्या बाजेच्या लाकडांनी तळाच्या सडक्या फळ्या बदलल्या. फाटलेल्या टायरच्या पोटात दुसऱ्या टायरचा तुकडा घालून तो बोल्टांनी आवळला. मोटार चालली की ते चाक दर फेरीला टपकन आवाज करायचं आणि माय म्हणायची, लंगडी म्हैस निघाली. वरचं टप तर चाळण होतं. पहिल्या पावसाळ्यात आम्ही परात, तांब्या, पातेलं, सगळं अंथरुणावर मांडून मधल्या जागेत निजायचो. दुसऱ्या वर्षी तुम्ही हदगावच्या जिनिंगमधून झाडून टाकलेला कापूस आणलात, तो डांबरात भिजवलात आणि उलथन्यानं एकेका फटीत ठासलात. टपाच्या, दाराच्या, मागच्या भिंतीच्या. माझी नखं महिनाभर काळी होती. काम संपल्यावर तुम्ही मला आत कोंडलंत आणि बाहेरून ओरडलात, "उजेड दिसतो का कुठं?" मी म्हटलं, "न्हाई." त्या दिवशी तुम्ही इतके खूश होता की बाजारातून पेढे आणलेत.

उंबरा मायचा हट्ट. बिनउंबऱ्याच्या घरात मी दिवा लावणार नाही म्हणाली. तुम्ही म्हणालात, उंबऱ्याला माझाच पाय अडकेल. शेवटी बाभळीची एक पट्टी दारात ठोकलीत, आणि झालंही तसंच, तुमचाच पाय अडकायचा. तुम्ही शिवी हासडायचात आणि माय पदराआड हसायची. दर शुक्रवारी ती त्या पट्टीला हळदीकुंकू लावायची. आपण मुरुडच्या बाजाराला असू नाहीतर लातूरच्या, धान्याच्या गंजाजवळ असू नाहीतर माळावर, उंबऱ्याची पूजा चुकली नाही. तुम्ही बाहेर बसून लोकांची शिलाई मशीनं, कंदील, तेलाची इंजिनं दुरुस्त करायचात आणि बायका मात्र मोटारीचा उंबरा बघायला यायच्या. तोंडावर पदर घेऊन हसायच्या. म्हणून ती म्हातारी विसरली नाही.

मग ते वाईट वर्ष आलं. रस्त्यावर बंदूकवाले फिरायला लागले. ते कुणाचे आणि कशासाठी, हे मी आता उगाळत बसत नाही. कुणाचेही असोत, दिसेल ती चालती मोटार ते घेऊन जात होते. पेट्रोल कुणालाच मिळत नव्हतं, त्यामुळे कोळशाच्या मोटारीलाही भाव आला होता. निजामाच्या सरहद्दीपलीकडे, बार्शीच्या बाजूला मायची बहीण होती. तिथं पोचायचं असं ठरलं. तुम्ही एक चाक काढून मोटार दगडांवर उभी करायचात, वरून गवताच्या पेंढ्या टाकायचात, म्हणजे बघणाऱ्याला भंगार वाटावं. वाट मोकळी आहे असं कळलं की चाक चढवून पुढचा टप्पा गाठायचा. पण कोळशाची मोटार काही पेट्रोलच्या मोटारीसारखी चटकन निघत नाही. भट्टी पेटवा, पंखा फिरवा, वायू जमू द्या, मग ती गुरगुरणार. तेवढ्या वेळात माणूस दोनदा मरेल. म्हणून तुम्ही भट्टी विझू देणं बंद केलंत. धूर दिसू नये म्हणून वरचं धुराडं काढून टाकलंत, झाकण घट्ट लावलंत आणि आतला कोळसा राखेखाली धुमसत ठेवलात. कुणी विचारलं तर माय म्हणायची, अंघोळीचा बंब आहे.

माय रोज कुरकुरायची, "या डब्यात माझा जीव गुदमरून राह्यला." तुम्ही तिची नक्कल करायचात. मागची झडप मात्र ती उघडी ठेवायची, आणि आपण वाचत होतो ते केवळ तिच्या कुरकुरीमुळे, हे तुम्हाला कळलं नाही. मलाही कुठं कळत होतं?

मुरुडच्या अलीकडे तो ओढा, ओढ्याकाठचं मारुतीचं देऊळ, देवळामागं पेंढ्यांखाली आपली मोटार. दुपारी पाऊस धरला आणि बंदूकवाले पावसासाठी नेमके त्याच देवळात शिरले. दहाबारा जण. तुम्ही झडपेच्या फटीतून बघितलंत आणि हातानंच सांगितलंत, चूप. मग एकेक झडप ओढून घेतलीत. मागचीही. माय कुजबुजली, "ती तरी राहू द्या." तुम्ही तोंडानं नुसता श् असा आवाज केलात.

आपण तिघं फळीवर बसलो आहोत. टपावर पाऊस वाजतो आहे, आत एक थेंब नाही. देवळातून हसण्याचा आवाज येतो. कुणीतरी विडी मागतो आहे. माय कपाळ दाबते आणि म्हणते, "डोस्कं लई दुखून राह्यलं." तुम्ही दातओठ खाऊन म्हणता, "तुझं रोजचंच हाय." ती पुन्हा म्हणते, "मळमळतंय वो." तुम्ही तिच्याकडे बघतसुद्धा नाही, तुमचा डोळा फटीला. माझेही पाय जड झालेत, पण मला वाटतं भीतीनं. थोड्या वेळानं माय माझ्या खांद्यावर कलते. तिचे गाल लाल झालेत, चांगले तजेलदार, जत्रेतून आल्यासारखे. मी तिला हलवते. ती उठत नाही. मी "अण्णा" म्हणते आणि तुम्ही मला गप्प करायला उठता, उठता आणि गुडघ्यावर बसता. तिथं तुम्हाला कळलं. तुमची नजर भिंतीपलीकडच्या भट्टीकडे गेली ती मी पाहिली. अड्ड्यावर एक क्लीनर असाच भट्टीशेजारी झोपेत गेला होता, त्याची गोष्ट तुम्हीच सांगितली होती. कोळशाच्या वायूला वास नसतो, आणि भट्टीच्या धगीनं मागच्या भिंतीचं डांबर सुटून तो आत येत होता, बाहेर जायला वाट नव्हती.

मग तुम्ही थांबलात. दाराच्या कडीवर तुमचा हात होता. एकदा फटीतून देवळाकडे बघितलंत, एकदा मायकडे. मला ते थांबणं अजून दिसतं. किती वेळ ते सांगता येणार नाही. मला तर वाटलं माय तेवढ्यात गेली.

तुम्ही लाथ घालून दार उघडलंत. मायला उचलून पावसात आणलंत, चिखलातच ठेवलंत, मला बखोट धरून ओढलंत. मग मागं पळालात आणि भट्टीचं खालचं दार उघडून निखारे बाहेर ओढले. पावसात त्यांचा हा एवढा वाफेचा लोट उठला. आता लपवायला काही उरलंच नाही. देवळातून एक जण ओरडला, "अरे, इसमें तो लोगां हैं!" ते सगळे आले. मायचा श्वास चालू होता. ती ओकली, आणि मला इतका आनंद झाला की बंदुका दिसतच नव्हत्या.

त्यांचा म्होरक्या वयस्क होता. त्यानं भट्टीकडे बघितलं, दगडांवरच्या मोटारीकडे बघितलं. "चलती क्या?" तुम्ही खोटं बोलू शकत नव्हता, निखारे पायाशी होते. "चलती." "चलाना किसकू आता?" तुम्ही मायकडे बघितलंत. "मुझे." तो म्हणाला, "औरतों कू जाने दो." त्यांनी तुमच्याकडूनच चाक चढवून घेतलं, कोळसा भरून घेतला. त्यांच्यातलाच एक पंखा फिरवत होता आणि त्याला ते जमत नव्हतं, तुम्ही सवयीनं त्याच्यावर खेकसलात, "निम्म्यात सोडू नको, सारखा फिरव." मला म्हणालात, "मायला घिऊन मुरुडची वाट धर. माघारी बघू नको." मी बघितलं. तुमचा पाय उंबऱ्याला अडकला आणि शिवी नाही आली.

आम्ही एका शेतकऱ्याच्या गाडीतून, कडब्याखाली लपून सरहद्द ओलांडली. तुम्ही आलात तेव्हा पोळा होऊन गेला होता. दाढी वाढलेली, दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले. मावशीच्या ओसरीवर बसलात आणि मायला एवढंच म्हणालात, "भट्टीत पानी वतलं. तडकली." लाल तापलेल्या बिडाच्या लोखंडावर गार पाणी पडलं की ते उभं फुटतं, आणि फुटलेली भट्टी नव्यानं घ्यावी लागते, त्या दिवसांत ती कुठं मिळणार होती? म्हणजे मोटार तुम्ही स्वतःच्या हातानं मारलीत.  मायनं तुमच्या हातांना खोबरेल लावलं. मावशी सगळ्या गल्लीला सांगत सुटली की बघा आमचा दाजी, बंदूकवाल्यांची मोटार मोडून पळाला. लोक तुम्हाला चहाला बोलवायचे. तुम्ही जात नव्हता. मला वाटायचं लाजता. पुढं पोलीस ॲक्शन झाली, आपण लातूरला परतलो, तुम्ही मरेपर्यंत शिलाई मशीनं दुरुस्त केलीत आणि कुणाच्या मोटारीच्या पुढच्या सीटवर कधी बसला नाहीत. मी तुमच्या पाणी ओतण्याची गोष्ट माझ्या मुलांना सांगितली, नातवंडांना सांगितली. दर वेळी तुम्ही थोडे उंच होत गेलात.

आता म्हातारीनं मला तुमच्या गोष्टीतला राहिलेला भाग दिला आहे. तुम्ही पाणी ओतलंत, पण त्या वाडीच्या नंतर ओतलंत. कदाचित त्या वाडीमुळंच ओतलंत. कदाचित आम्ही सरहद्दीपार पोचल्याची खात्री होईपर्यंत तुम्ही वाट बघत होता, कारण ते आम्हाला शोधत आले असते. मी तुमच्या बाजूनं वकिली करते आहे, हे मला कळतं. रागही येतो. डोकं ठेवून काय बसलात अण्णा, निदान ओरडायचं तरी! मग आठवतं की तुमच्या पाठीशी बंदूक असणार, आणि राग निवतो, आणि त्या बाईचा दीर पुन्हा समोर येऊन पडतो. इतकी वर्षं तुम्ही हे एकट्यानं कसं गिळलंत? माझ्याजवळ तरी बोलायचं होतं. मी ऐकलं असतं की नाही, ठाऊक नाही.

त्या म्हातारीचा पत्ता मी लग्नघरातून मिळवला आहे. तिला भेटायला जावं असं रोज सकाळी ठरवते आणि दुपारपर्यंत मोडते. तिला काय सांगू? तुमच्या भट्टीतलं पाणी तिच्या दिराला काय कामाचं? आणि सांगायचंच तर सगळं सांगावं लागेल, आणि त्यातलं एक तिला सांगता येणार नाही, ते तुम्हालाच सांगते. हे कागद कुठं जाणार नाहीत, चुलीत तरी जातील.

तुम्ही कडीवर हात ठेवून थांबला होता ना, तेव्हा मी मनात ओरडत होते, उघडा, उघडा. दारापलीकडे कोण आहे, आपली मोटार पुढं कुठं जाणार आहे, कुणाच्या दारात उभी राहणार आहे, हे आज मला सगळं माहीत आहे. त्या दिराला बायको होती हेही माहीत आहे. तरी तुम्हाला पुन्हा तिथं उभं केलं, आणि माय माझ्या खांद्यावर तशीच कललेली असली, तर मी पुन्हा हेच म्हणेन, अण्णा. उघडा.