ठशाबाहेरचं पान

यवतमाळ,
२१ नोव्हेंबर

प्रिय शामभिया,

काल तू फोन आपटलास ते बरंच केलंस. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, कागदाला मात्र मध्येच तोडता येत नाही. तेव्हा काळीपिवळीची किल्ली खिशात घाल, दारव्ह्याच्या सवाऱ्या दुसऱ्या कोणाला घेऊ दे आणि हे शेवटपर्यंत वाच. आधी मुद्द्याचं सांगते. मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. आज सकाळी रजतला, म्हणजे माझ्या वरिष्ठाला, तसं लिहून कळवलं. दुपारी उत्तर आलं. एक तारखेपासून मी त्या कंपनीत नाही.

आता तू डोक्याला हात लावशील. "कायले भांडून राह्यली वो? तुह्या एका सहीनं कोनतं आभाय पडते?" हे तुझे कालचे शब्द. बाबाही मागून ओरडत होते, ते ऐकू आलं मला. तांड्यातली पहिली इंजिनिअर पोरगी, घरबसल्या पुण्याच्या कंपनीचं काम करते, तिला काय दुर्बुद्धी सुचली! पण चूक माझीही आहे. मी काय काम करते हे घरात कोणाला कधी धड सांगितलं नाही. 'कंप्युटरचं' म्हणून मोकळी झाले. आज सांगते.

असं बघ, एका संस्थेला आपल्या भागातल्या तांड्यांतल्या आणि आदिवासी पोडांवरच्या माणसांच्या रक्ततपासणीच्या नोंदी ठेवायच्या आहेत. स्वतःचं मोठं मशीन घेणं परवडत नाही, म्हणून ती भाड्याने घेते. म्हणजे आपलं सामान दुसऱ्याच्या घरात. घरमालकाने डोकावलं तर? त्यासाठी आता एक सोय निघाली आहे. त्या मोठ्या मशीनच्या पोटात एक आभासी मशीन चालवायचं आणि त्याची मेमरी अशी कुलूपबंद ठेवायची की घरमालकालाही आतलं काही दिसू नये. पण गोम अशी की ते मशीन जागं होण्याआधी त्याच्या मेमरीत एक पहिला प्रोग्राम ठेवावा लागतो. त्याला फर्मवेअर म्हणतात. उठून काय करायचं, कोणाचं ऐकायचं, हे तोच ठरवतो. आणि तो मेमरीत चढवतो कोण? तोच घरमालक, ज्याच्यापासून सगळं लपवायचं आहे! म्हणून त्या प्रोग्रामचं एकेक पान, म्हणजे एकेक तुकडा, चढत असताना प्रोसेसर त्याचा ठसा घेतो आणि शेवटी सगळ्या पानांचा मिळून एक ठसा संस्थेला दाखवतो. संस्थेने आधीच काढून ठेवलेल्या ठशाशी तो जुळला, तरच ती नोंदींची किल्ली आत देते. फर्मवेअर चढवण्याचं ते काम करणारा प्रोग्राम मी लिहीत होते.

यात तुला नवं वाटावं असं काही नाही. आपले पणजोबा लदेणीवर जायचे, मिठाच्या आणि धान्याच्या गोण्या बैलांवर लादून मुलूख पालथा घालायचे. गोणीचं तोंड ज्याचा माल त्याच्या घरची बाई शिवायची आणि प्रत्येक घराचा टाका वेगळा असायचा. माल पोहोचला की घेणारा आधी टाका बघायचा, मग धान्य. वाहणाऱ्याने आत बघायचं नाही. आपली आई, याडी, अजूनही तुरीच्या बियाण्याचं पोतं तशीच शिवते, सात टाके पुढे, एक मागे आणि गाठ आतल्या अंगाला.

दिवाळीच्या आठवड्यात मला आमच्या प्रोग्राममध्ये एक पान सापडलं, जे ठसा न घेताच मेमरीत चढत होतं. त्यावरचा मजकूर दर मशीनला थोडा वेगळा असतो, त्यामुळे ठसा जुळत नसे आणि ग्राहक बोंब मारत. मग माझ्याआधीच्या कोणीतरी शक्कल लढवली आणि ते एक पानच ठशातून वगळलं. ठसा जुळू लागला, बोंब थांबली. पण फर्मवेअर त्या पानावरही डोळे मिटून विश्वास ठेवतं. उद्या घरमालकाने त्यावर दोन ओळी खरडल्या, तर मशीन आतून दार उघडून देईल आणि ठसा मात्र जुळलेलाच दिसेल. दुरुस्तीला तीन आठवडे लागले असते. कंपनीला तीन दिवसही थांबायचं नव्हतं. 'मेमरीत चढणारं प्रत्येक पान ठशात आहे' असं छापलेला कागद माझ्यासमोर आला, खाली माझं नाव, कारण तो भाग माझा.

रजत वाईट माणूस नाही. थकलेला आहे. मला समजावत म्हणाला, "अगं, त्या पानाकडे बघतंय कोण? ठसा जुळतोय ना?" भिया, खरं सांगते, तोपर्यंत माझं मन दोलायमान होतं. मीही माणूसच आहे, नोकरी मलाही हवी होती. पण त्या शेवटच्या प्रश्नाने माझं ठरलं. तसंच काहीसं मी पूर्वी ऐकलं होतं. आपल्या नसाबात, तांड्याच्या पंचायतीत, नायकाच्या अंगणात, बारा वर्षांपूर्वी. याडीच्या तोंडून.

तुला ते सगळं आठवतं हे मला माहीत आहे, तरी मला ते लिहून काढायचं आहे. बोरी अरबच्या शाळेत सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. तू वीस वर्षांचा, शिबिराचा स्वयंसेवक. पुढे तुला आरोग्य सेवकाच्या प्रशिक्षणाला घ्यायचं पक्कं झालं होतं आणि तू आतापासूनच पांढरा शर्ट घालून हिंडत होतास. महिन्याने कार्डं आली ती तू दारव्ह्याहून आणलीस. पांढरं म्हणजे काही नाही, पिवळं म्हणजे वाहक, लाल म्हणजे आजार. ज्याचं कार्ड त्याच्याच हातात द्यायचं, अशी सिस्टरची सक्त ताकीद होती. वाटप दुसऱ्या दिवशी, म्हणून याडीने कार्डांची थैली तुझ्यासमोर शिवून टाकली, आपल्या टाक्याने. दुसऱ्या दिवशी तिने टाका तपासला, थैली उसवली, तू कार्डं वाटलीस. आणि काकाच्या लालीची जिथे सोयरीक ठरली होती, त्या नेरकडच्या तांड्यातून आठ दिवसांत निरोप आला की लालीबाईचं कार्ड पिवळं आहे, ही सोयरीक आम्हाला नको. काकाच्या घरी गोळ खायचा, म्हणजे साखरपुड्याचा, दिवस ठरला होता. लालीने ओढणीला आरसे लावून ठेवले होते.

वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे तेव्हा कोणाला पटवायचं? नसाब बसला. लालीने आपलं कार्ड कोणाला दाखवलं नव्हतं, म्हणून थैली कोणी फोडली, एवढाच प्रश्न होता. याडी उभी राहिली आणि छातीवर हात ठेवून म्हणाली, "टाका माहाच होता. शिवल्यावर कोनं खोल्ली नाई." तिने खोटं सांगितलं नव्हतं. तिला दिसलं तेच सांगितलं. पण शिवल्यावर कोणी उघडली नाही म्हटल्यावर एकच अर्थ उरला. शिवण्याआधी, दारव्ह्याहून येताना, वाटेत. म्हणजे तू. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं आणि तू खाली मान घालून म्हणालास, "माह्याकडूनच झालं."

प्रशिक्षण गेलं. पांढरा शर्ट गेला. आजही स्टँडवर तांड्यातला धावजी हसून म्हणतो, "शामजवळ चिठ्ठी देऊ नोको, फोडून वाचते थो," आणि तू त्याच्यासोबत हसतोस. लाली आता घाटंजीला अंगणवाडी चालवते, आपल्या हिमतीवर ताठ उभी आहे, पण बारा राख्या झाल्या, तिने तुझ्या मनगटाला दोरा बांधलेला नाही. आणि मी? मी त्याच मनगटाला दर वर्षी राखी बांधते, ओवाळणी घेते आणि परत येते. लाज नावाची गोष्ट मी कुठे ठेवली होती, देव जाणे.

याडीने थैली शिवली त्या दिवशी दुपारी सगळे कापूस वेचायला गेले होते. घरात मी एकटी होते. पंधरा वर्षांची, आणि माझ्या कार्डाचा रंग बघायला मला उद्यापर्यंत थांबवेना. मी थैली उसवली. आधी माझं कार्ड पाहिलं, मग हात थांबेना म्हणून बाकीची. मग पुन्हा शिवली, सात पुढे, एक मागे, गाठ आत. याडीनेच शिकवला होता मला तो टाका, तिला फरक दिसणार कसा? दुसऱ्या दिवशी शाळेत माझ्या मैत्रिणीला, नेरकडच्या त्याच तांड्यातल्या सलोनीला, सांगितलं की लालीचं पिवळं निघालं. माझंही पिवळंच होतं, भिया. ते मी नाही सांगितलं.

आणि तू पाणी प्यायला वावरातून घरी आला होतास. दारात उभा राहिलास. माझ्या हातात सुई होती. तू माठातून पाणी घेतलंस आणि निघून गेलास. नसाबात मान खाली घालण्याआधी तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस. मी याडीच्या मागे सरकले. बारा वर्षं मी तिथेच उभी आहे.

तू काल म्हणालास की एका सहीने काय होतं. तुला तरी हे विचारायचं कारण नव्हतं! जुळलेल्या टाक्याने काय होतं, ते तुझ्याइतकं कोणाला माहीत आहे? त्या नोंदींमध्ये कुठल्यातरी तांड्यातली दुसरी लाली असेल. ती उघडी पडली तर संस्थेचा माणूस उभा राहून शपथेवर सांगेल की ठसा जुळलाय, आत कोणी गेलंच नाही, आणि मग दोष कोणातरी शामच्या माथी येईल. म्हणून मी त्या छापील कागदावर 'नाही' लिहिलं आणि कुठलं पान, का, तेही लिहिलं. तो कागद नियमाने संस्थेकडे जातो. गेला. काम थांबलंय. नोकरी गेली तर गेली, दुसरी बघेन, आणि मुलाखतीत विचारलं तर हेच कारण सांगेन, खालच्या आवाजात नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. हे तुझ्यासाठी आहेच, पण तुझ्यापाशी राहण्यासाठी नाही. पुढच्या रविवारी नसाब आहे ना? त्याआधी घाटंजीला जा आणि हे लालीला वाचायला दे. यात तिचं नाव आहे, तिच्या कार्डाचा रंग आहे, म्हणून हो की नाही हे तिने ठरवायचं. ती नाही म्हणाली, तर तिचं नाव न घेता माझ्यापुरतं मी सांगेन. ती हो म्हणाली तर हे नायकासमोर, धावजीसमोर, सगळ्या तांड्यासमोर मोठ्याने वाच. माझं कार्ड पिवळं आहे हेही वाच, ते वगळू नको. वाचताना मी तुझ्या शेजारी उभी असेन, याडीच्या मागे नाही. दंड काय तो मला होऊ दे. 'जाऊ दे ना वो, जुनी गोष्ट हाय' असं म्हणून तू हे पेटीत दडवलंस, तर मी स्टँडवर उभी राहून तोंडपाठ म्हणेन, आणि मी तसं करेन हे तुला पक्कं माहीत आहे. पाकिटाचं तोंड मी शिवून पाठवते आहे, या वेळी गाठ बाहेरच्या अंगाला ठेवून. उसवण्याआधी ते याडीला दाखव, असं पाकिटावर लिहिलंच आहे. ती टाका निरखून म्हणाली असेल की हा माझा नाही. तिला सांग, बरोबर आहे, हा वर्षाचा आहे.

ज्या सहीसाठी तू रागावलास, ती या कागदाखाली करणारी,
तुझीच बहीण,
वर्षा बाबूसिंग आडे